शेवटचे प्यादे

पूर्वी गोदावरीकाठच्या पोतली नगरात दृढवर्मा नावाचा राजा राज्य करीत होता, त्या काळी बोधिसत्त्व त्याच्या पदरी क्षेमंकर नावाचा अमात्य होऊन राहिला होता. राजाला चतुरंग खेळायला त्यानेच शिकवले होते. तेव्हा पटावर एक रिवाज असे. शत्रूची सगळी मोहरी मारून त्याचा राजा एकटा पाडला, तर डाव जिंकला असे धरत नसत; तो बरोबरीत सुटे. आपल्याकडचे जुने खेळाडू याला बुर्जी म्हणतात. म्हणून कसलेला खेळाडू समोरच्याचे एक तरी प्यादे जिवंत ठेवी आणि मगच मात करी. दृढवर्मा यात पटाईत होता. शत्रूचे शेवटचे प्यादे तो स्वतःच्या हत्तीपेक्षा जास्त जपे, आणि मिशीवर ताव देत हे सगळ्यांना ऐकवीतही असे.

पुढे त्याने शेजारच्या महीधर राजाशी युद्ध केले. महीधराचे सैन्य कापले गेले, मुलगे पडले, राजधानी गेली आणि तो बंदी झाला. डोंगरातले त्याचे किल्ले मात्र लढत राहिले. महीधराने भर सभेत दृढवर्म्यापुढे मस्तक टेकवले, तरच किल्लेकरी शस्त्रे खाली ठेवणार होते. महीधर त्याला तयारही झाला होता, कारण त्याची एक मुलगी जिवंत होती. उत्पला तिचे नाव. बापाचे दोन्ही हात जायबंदी झालेले, म्हणून ती आपणहून कोठडीत येऊन राहिली होती आणि त्याला भरवीत होती.

अशात कुणीतरी राजाचे कान भरले, की हिचे लग्न झाले म्हणजे जावई राज्यावर हक्क सांगेल. राजाने तिच्या वधाची आज्ञा दिली.

संध्याकाळी नेहमीसारखा पट मांडला होता. राजाने क्षेमंकराचे शेवटचे प्यादे सोडून घोडा दुसरीकडे नेला.

"महाराज, ते प्यादं का मारलं नाहीत?" क्षेमंकराने विचारले.

"वा, आचार्य! तुम्हीच शिकवलंत ना? मारलं तर जिंकणार कसा?"

"मग उत्पलेला राहू द्या. ती गेली की महीधर एकटा उरेल. ज्याच्याकडे गमावण्यासारखं काही नाही, तो वाकेल कशासाठी? तिच्या जागी हवं तर माझं डोकं घ्या."

राजा हसला. "पटाशी पंच बसतात, आचार्य. इथं बरोबरी झाली, असं मला कोण सांगणार?"

क्षेमंकर अमात्यपदाची मुद्रा तिथेच ठेवून कोठडीकडे गेला. उत्पला पेज ढवळीत होती. तिने त्याच्या चेहऱ्यावरूनच ओळखले.

"तातांना पेज गरमच लागते," ती म्हणाली. "गार झाली की तोंड फिरवतात. एवढं बघाल ना?"

सकाळी तिला नेले.

त्यानंतर महीधर बोलला नाही. त्याला सभेत आणले, तर तो नुसता उभा राहिला. राजाने तलवार दाखवली, मग वैद्य धाडले, शेवटी अर्धे राज्य परत देऊ केले. महीधराला आता कशाचा धाक नव्हता आणि कशाची हावही नव्हती. किल्ले शरण आले नाहीत. ते जळाले, आणि त्यांच्याबरोबर तिथे लढायला धाडलेली पोतलीची तरणी पोरेही जळाली. जिंकलो असे म्हणायला दृढवर्म्याला एक दिवसही मिळाला नाही.

क्षेमंकर कोठडीतच राहिला. तो पेज गरम करी, महीधराच्या ओठांशी धरी, आणि ती गार होई. तो पुन्हा गरम करी. महीधर गेला तेव्हाही क्षेमंकराच्या हातात वाटी होती. त्या जन्मात बोधिसत्त्वाला कुणालाही वाचवता आले नाही, हे सांगताना आजही जीव तुटतो.

ही पूर्वजन्मीची कथा सांगून शास्ता भगवान भिक्खूंना म्हणाले, "तेव्हाचा दृढवर्मा म्हणजे दाराशी बसलेला, झोपेत ओरडत उठणारा हा वृद्ध भिक्खू. महीधर म्हणजे त्याला पाणी देणारा त्याचा सोबती. क्षेमंकर मीच होतो. काहीच करता येत नसताना जवळून न उठणं, हीच मैत्रीची परिपूर्णता, मैत्री-पारमिता."

"आणि उत्पला, भगवन्?" एका भिक्खूने विचारले.

शास्ता म्हणाले,

"ती मला त्यानंतर कुठल्याच जन्मात भेटली नाही."