गुरुजींनी अडवलेला झोपाळा

एकदा तेलाचा घाणा चालवणाऱ्या एका माणसाने आपल्या बायकोसाठी सागवानी झोपाळा करून घेतला.

त्याचे नाव तुळशीराम. टेकडीच्या पायथ्याशी त्याचे गाव होते आणि त्याच्या घाण्याचे तिळाचे तेल साऱ्या पंचक्रोशीत जात असे. बायको अनसूया. तिने पन्नाशी ओलांडली होती, मासिक धर्म थांबून वर्ष होत आले होते, आणि नुकतीच घरात सून आली होती. त्या घराची रीत अशी, की सून आली म्हणजे सासूने किल्ल्या तिच्या हाती द्यायच्या आणि आपण मानाने बसायचे. पाण्याला जायचे नाही, शेतावर जायचे नाही, उन्हात उभे राहायचे नाही. तुळशीरामाच्या आईलाही असेच बसवले होते. तेव्हा तिचे केस काळे होते.

तीच आई आता मधल्या खोलीत अंथरुणाला खिळली होती. दिवाळी नुकतीच झाली होती. पलंगावरून उतरताना तिचा पाय सरकला. पडली म्हणावे असेही ती पडली नव्हती, नुसती कलंडली, आणि खुब्याचे हाड मोडले. तालुक्याला नेले. शस्त्रक्रिया झाली, पण हाड आतून इतके विरळ झालेले, की त्यात खिळा धरेना. डॉक्टरांनी तिला घरी पाठवले. तुळशीराम दवाखान्याच्या पायरीवर बसून लहान मुलासारखा रडला. तेव्हा त्याच्या पाठीवर हात ठेवून एक वृद्ध गृहस्थ उभे होते. ते त्याचे गुरुजी. लहानपणी त्यांनीच त्याला अक्षर शिकवले होते. अजूनही काही अडले की तो त्यांच्याकडे जाई.

आईच्या दुखण्याने तुळशीरामाच्या मनाने घेतले, की निदान बायकोला तरी काही कमी पडू द्यायचे नाही. म्हणून हा झोपाळा. पितळी कड्या, कापसाची गादी, पाठीला लोड. तो टांगला त्या दिवशी गुरुजी आईला पाहायला आले होते. तुळशीरामाने अनसूयेला हाक मारली. ती पदराला हात पुसत आली आणि अवघडून उभी राहिली. एवढ्यात गुरुजी उठले, झोपाळ्यावर जाऊन बसले आणि म्हणाले, आपल्याला ही जागा फार आवडली आहे, आपण काही दिवस इथेच राहणार.

आता गुरुजींना ऊठ कोण म्हणणार?

ते सकाळपासून दिवे लागेपर्यंत तिथेच बसत. बरे, नुसते बसत नव्हते. विहिरीचे पाणी त्यांना चालेना. टेकडीवरच्या झऱ्याचे हवे, तेही गड्याने आणलेले नको, सुनेने आणलेले नको, अनसूयेनेच आणायचे. ती मोठी कळशी घेऊन निघाली तर त्यांनी ती ठेवायला लावली. लहान तांब्याच न्यायचा; संपला की पुन्हा जायचे. दुपारी म्हणत, ऊन छान पडले आहे, अंगणात बसून तीळ निवड आणि मला दिसतील असे निवड. संध्याकाळी ते पेलाभर दूध मागत. पहिल्या दिवशी अनसूयेने दूध आणून समोर धरले, तर त्यांनी ते तिच्याच हातात राहू दिले.

"पी," ते म्हणाले.

"मी दूध पीत नाही, गुरुजी."

"का बरं?"

अनसूया म्हणाली, "कधी उरलंच नाही, म्हणून सवय नाही."

ती दूध पिऊन होईपर्यंत गुरुजी तिच्याकडे पाहत राहिले. दुसऱ्या दिवसापासून जेवायला बसताना त्यांनी तिचे पान आपल्या शेजारी मांडायला लावले आणि आपल्या पानात पडेल ते तिच्या पानात पडले की नाही, हे पाहू लागले. नाचणीची भाकरी, तिळाची चटणी, शेवग्याचा पाला. घरात तिळाची पोती होती. पण तीळ घाण्यात जायचे, ताटात नव्हे.

गावातल्या बायकांना हसायला निमित्त झाले. झऱ्याच्या वाटेवर त्या म्हणत, "अनसाबाई, तुझी सासू गरीब गाय आहे गं. पण हा सासरा कुठून आणलास?" कुणी म्हणे, गुरुजींना झऱ्याचेच पाणी हवे असेल तर अनसाबाईनेच त्यांना टेकडीवर पोचवून यावे, सगळ्यांचीच सोय होईल. अनसूया आधी ओशाळली. पहिले काही दिवस तिचे गुडघे भरून येत, वाटेत तीन ठिकाणी बसावे लागे. पुढे ती त्या बायकांबरोबर हसू लागली. एकदा तर गुरुजींनी तांब्या पुढे करायच्या आधीच तिने तो उचलला.

तुळशीरामाला मात्र हे सोसवेना. आई आत कण्हते आहे, बायको टेकडी चढते आहे, आणि हौसेने केलेल्या झोपाळ्यावर गुरुजी डुलत आहेत. शेवटी एका दुपारी तो त्यांच्यापुढे येऊन खाली बसला.

"गुरुजी, रागावू नका. पण तिनं तुमचं काय वाकडं केलंय? जन्मभर राबली. आता कुठं चार दिवस सुखाचे आले, तर तुम्ही तिची जागा अडवून बसलात."

गुरुजींनी पायाने झोपाळा थांबवला.

"तालुक्याच्या डॉक्टरांनी तुला सगळं सांगितलं होतं, तुळशीराम. तू रडत होतास, तुझ्या कानात काही गेलं नाही. मी ऐकलं. हाड म्हणजे वाळलेलं लाकूड नव्हे, ते जिवंत असतं. रोज थोडं झिजतं, रोज थोडं भरून निघतं. बाईचा मासिक धर्म चालू असतो, तोवर शरीर ते सांभाळून घेतं. तो थांबला की झीज वाढते आणि भर मागं पडते. बाहेरून काही दिसत नाही. दुखतही नाही. अशा वेळी हाडाला काय हवं? अंगावर ऊन हवं, पोटात दूध, तीळ, नाचणी हवी, आणि त्याच्याकडून काहीतरी काम मागायला हवं. चालणं, चढणं, उठबस. ज्या हाडाकडून कुणी काही मागत नाही, ते आपली गरज संपली असं समजून विरत जातं. आणि आपण काय करतो? नेमक्या त्याच वयात तिच्या हातचं काम काढून घेतो, उन्हातून तिला आत आणतो, आणि मायेनं म्हणतो, आता तू बस."

तुळशीरामाने विचारले, "हे मला सरळ का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं तर तू मान डोलावली असतीस आणि तिला झोपाळ्यावर बसवलं असतंस. तुझी माया मोठी आहे रे, ती ऐकून घेत नाही. उद्या अनसूयेला तालुक्याला ने. हाडं किती भरीव आहेत ते तपासता येतं, असं डॉक्टर म्हणाले. गरज पडली तर औषधं आहेत. किती चालायचं, किती उचलायचं, तेही त्यांनाच विचार. मी डॉक्टर नाही. मी फक्त जागा अडवून ठेवली."

तुळशीरामाने मान खाली घातली. मग अगदी हळू आवाजात तो म्हणाला, "म्हणजे आईला मीच..."

गुरुजींनी त्याला ते वाक्य पुरे करू दिले नाही. ते म्हणाले, तेव्हा हे कुणालाच माहीत नव्हते, त्याला कुठून माहीत असणार; ज्या हातांनी त्याने आईला बसवले ते वाईट हात नव्हते. पण तुळशीरामाच्या डोळ्यांना धार लागली होती आणि गुरुजींच्या बोलण्याने ती थांबणार नव्हती.

मधल्या खोलीचे दार उघडेच होते. आतून आईने हाक मारली, "तुळशा."

तो आत जाऊन तिच्या उशाशी बसला. तिने सगळे ऐकले होते. आयुष्यात पहिल्यांदाच त्याने तिला विचारले, "आई, मी तुला बसवलं, तेव्हा तुला काय हवं होतं?"

आईने आढ्याकडे पाहिले. तिला आठवायला वेळ लागला नाही. बोलायलाच वेळ लागला.

"शेतावर जायचं होतं रे. शेंगा काढायला बायका निघाल्या की मी दारात उभी राहायची. वाटायचं, कुणीतरी हाक मारील. पण तू एवढ्या हौसेनं खुर्ची आणली होतीस. लोक म्हणायचे, नशीबवान आहेस. मग उठणार कशी?"

आईने त्याचा हात आपल्या हातात घेतला. तिच्या हाताला वजन असे राहिलेच नव्हते.

"माझं झालं ते झालं. तू मायेनंच केलंस, हे मला तेव्हाही कळत होतं. फक्त अनसाला बसवू नकोस. आणि तिला काय हवं ते विचार. आम्ही बायका आपणहून सांगत नाही."

आई त्या दुखण्यातून उठली नाही. होळीच्या आधी गेली. त्या वर्षी शेंगा काढायच्या दिवसांत बायका घरावरून निघाल्या, तेव्हा तुळशीराम घाणा थांबवून दाराशी आला आणि अनसूयेला म्हणाला, "तुला जायचंय का?" ती पायात वहाणा घालूनच उभी होती.

जिच्यावर आपली माया आहे, तिला सुखाने बसवण्याआधी, तिला उठून कुठे जायचे आहे एवढे विचारावे.