निरगाठीचं राज्य

फार जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी की तेव्हा समुद्रही आजच्याइतका खारट झाला नव्हता, असं म्हणतात. मी काही चाखून बघायला नव्हतो. मुलांनो, गोष्ट तुमच्यासाठी आहे. मोठ्यांनी ऐकली तरी हरकत नाही. खरं तर त्यांनी जरा कान देऊनच ऐकावी.

एका खाडीच्या काठी गलबतं बांधणाऱ्यांचं एक राज्य होतं. तिथे एक रीत होती. मालक ज्याला कामावर घेई, त्याच्या डाव्या मनगटावर लाल दोरा बांधी. तोही निरगाठीने, म्हणजे एकदा बसली की सुटत नाही अशा गाठीने. तो दोरा आपणहून झिजून तुटेपर्यंत मालकाने त्या माणसाला पोसायचं, असा कायदा होता.

हा कायदा काही उगाच झाला नव्हता. मागे एकदा मोठ्या वादळाच्या साली मालकांनी हातावर पोट असलेल्या माणसांना एका दिवसात हाकलून दिलं होतं आणि धक्क्यावर माणसं उपाशी मेली होती. तेव्हाच्या राजाला ते बघवलं नाही. त्याने चांगल्या मनाने हा कायदा केला आणि लोकांनी त्याला भरभरून आशीर्वाद दिले. पण चांगल्या मनाने केलेल्या गोष्टींची एक पंचाईत असते. त्या पुन्हा तपासून बघायचं कुणाच्या डोक्यात येत नाही.

पुढे काय झालं ते ऐका. एकदा दोरा बांधला की जन्माची जबाबदारी, म्हणून मालक नवा दोरा बांधीचनात. कामं अडली तरी चालतील, पण गाठ नको. आणि ज्यांच्या मनगटावर दोरा होता, त्यांना एकच धास्ती, की हा झिजला तर आपण गेलो. मग ते डावा हात पाण्यात घालीनात, दोर खेचताना पुढे करीनात. हळूहळू सगळ्या गोदीत माणसं डावा हात छातीशी धरून उजव्या हाताने काम करू लागली. सुतार एका हाताने रंधा मारायचा. लोहार एका हाताने घण उचलायचा आणि तो पायावर पडला की दोन्ही पायांनी नाचायचा. जे गलबत पूर्वी एका हंगामात पाण्यात उतरायचं, ते आता तीन-तीन पावसाळे किनाऱ्यावर कुजत पडे.

राजवाड्याची तऱ्हा याहून वेगळी नव्हती. प्रत्येक दोऱ्यामागे दोरापट्टी म्हणून कर होता. दोरे कमी झाले तसा खजिनदाराने कर वाढवला. कर वाढला म्हणून मालकांनी दोरे आणखी कमी केले. मग त्याने कर आणखी वाढवला. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? पण हा गृहस्थ दर साली पोहराच मोठा करत होता. मोठमोठ्या मानकऱ्यांना मात्र कर माफ होता, कारण त्यांच्यातल्या एकाच्या पणजोबाने म्हणे कधीतरी राजाला वाघाच्या तोंडून सोडवलं होतं.

आता आपल्या गोष्टीतला माणूस. त्याचं नाव हरबा. तो काथ्याचे दोर वळायचा आणि दोरेवाल्या कामकऱ्यांचा म्होरक्या होता. मोठ्या वादळाच्या साली धक्क्यावर जे उपाशी मेले, त्यांत हरबाचा बाप होता. म्हणून हरबा आपल्या दोऱ्याला जिवापाड जपे. रोज सकाळी त्याला तेलाचं बोट लावी आणि त्यावर फडकं गुंडाळी. कायद्याला हात लावायची भाषा कुणी काढली की तो उठून उभा राहायचा, आणि तो उभा राहिला की गोदी उभी राहायची.

हरबाला केसर नावाची एक मुलगी होती. दोर वळण्यात ती बापाच्या तोडीची, आणि तिला दोन्ही हात वापरता येत होते, तेव्हा तोडीची म्हणणंही अन्यायच. पण तिच्या मनगटावर दोरा नव्हता. तिच्यासारखी शेकडो तरणीताठी पोरं धक्क्यावर बसून पाण्यात खडे टाकायची. परमुलखाची गलबतं पाणी भरायला येत, तेव्हा या पोरांतली काही त्यांत चढून निघून जात. गेलेलं कुणी परत येत नसे.

अशात जुना राजा वारला आणि त्याची नात राणी झाली. तिने आल्या आल्या खजिन्याचं दार उघडलं, तर आतून एक मांजर जांभई देत बाहेर आलं. राणी हसली नाही. ती आठवडाभर साध्या लुगड्यात गोदीत हिंडली, आणि एक हात छातीशी धरलेली माणसं बघून आली.

त्याच सुमाराला एका दूरच्या बेटाचे व्यापारी आले. त्यांना गलबतांचा अख्खा ताफा हवा होता, तोही वारे फिरायच्या आत. एवढं मोठं काम त्या राज्यात कित्येक वर्षांत आलं नव्हतं. गोदीत बातमी पसरली आणि लोक एकमेकांना थांबवून थांबवून सांगू लागले. मालकांनी मात्र हात वर केले. ताफ्याला दुप्पट माणसं लागतील, म्हणाले, आणि ताफा गेल्यावर त्यांना काय जन्मभर पोसत बसू?

राणीने दरबार भरवला. तिने सरळच सांगितलं, की यापुढे दोरा सुरगाठीने बांधायचा. काम संपलं की गाठ सुटेल. दोरापट्टी अर्ध्यावर येईल, पण ती मानकऱ्यांसकट सगळ्यांना भरावी लागेल. वाघवाल्या पणजोबाच्या पणतवाने लगेच हरकत घेतली. राणी त्याला म्हणाली, त्या उपकाराची फेड तीन पिढ्या झाली, आता वाघसुद्धा विसरला असेल. मग तिने राजवाड्याचं सांगितलं. तिथे एक जण छत्री धरायचा, एक जण छत्री धरणाऱ्याला वारा घालायचा, आणि एक जण त्या दोघांवर देखरेख करायचा. हे तिघेही उद्यापासून गोदीत जातील, असं ती म्हणाली. दरबारात खसखस पिकली.

हरबा तेवढा हसला नाही. तो उभा राहिला.

"राणीसाहेब, सुरगाठीचं टोक कुणाच्या हातात असणार? मालकाच्या. माझा बाप असाच मालकाच्या मर्जीला लटकून उपाशी मेला. गाठ सुटली की आम्ही खायचं काय, ते आधी सांगा."

राणीने काही लपवलं नाही. ती म्हणाली, "हरबा, हे माझ्या ध्यानात आलं नाही. उद्या सकाळपर्यंत विचार करू. तुम्हीही करा. तुमचा होकार असल्याशिवाय मी गाठ बदलणार नाही."

हरबा घरी आला तो छाती पुढे काढून. त्याच्या माणसांनी त्याला जवळजवळ खांद्यावरच आणलं होतं. दारात पाऊल टाकलं तर केसर गाठोडं बांधत होती. सकाळच्या भरतीला परमुलखाचं गलबत सुटणार होतं आणि नाखव्याने तिला जागा दिली होती.

हरबाने आधी आवाज चढवला, मग उतरवला. त्याने तिला दहा परींनी समजावलं, की दम धर, कधीतरी तुझाही दोरा होईल. केसरने ताटात भात वाढला, बापापुढे ठेवला आणि मग बोलली.

"बा, तुझं मनगट बांधलंय म्हणून माझं मोकळं आहे. तू वाईट नाहीस रे. पण तू दारात बसलायस, आणि मला आत यायचंय."

हरबाने ताट बाजूला सारलं. आजवर त्याला वाटायचं, आपण मालकांना अडवून उभे आहोत. आपल्या पाठीमागे आपलीच पोर अडली आहे, हे त्याने कधी मान वळवून बघितलंच नव्हतं. त्याला रडू आलं, आणि त्याने ते लपवलंही नाही.

सकाळी धक्क्यावर सगळं गाव लोटलं. एका बाजूला भरती चढत होती आणि परमुलखाच्या गलबताचं शीड अर्धं वर गेलं होतं. केसर गाठोडं घेऊन गलबतावर चढायच्या फळीपाशी उभी होती. राणी आली. हरबाची माणसं वाट बघत होती, की आता तो नाही म्हणेल आणि आपण टाळ्या पिटू.

हरबा म्हणाला, "आधी कोठार, मग गाठ. धक्क्यावर धान्याचं एक कोठार भरा. ज्याची गाठ सुटेल, तो नवं काम मिळेपर्यंत तिथे जेवेल आणि तिथेच दुसरं काम शिकेल. गाठ सोडायची मुभा ज्याला हवी असेल त्या मालकाने कोठारात वाटा भरायचा. ते गळ्यापर्यंत भरलेलं मला दिसू दे, मग सगळ्यांत आधी माझी गाठ कापा."

मालक कुरकुरले. हरबाची माणसंही कुरकुरली. फितूर झाला, असं दोघातिघांनी तोंडावर म्हटलं. दोन्ही बाजू सारख्याच कुरकुरतात तेव्हा सौदा बहुधा बरा असतो. राणीने तिथल्या तिथे राजवाड्याचं धान्य आणायला गाड्या धाडल्या. मानकऱ्यांच्या वाड्यांतूनही पोती निघाली, काही राजीखुशीने, काही शिपायांच्या मदतीने. मालकांना तिकडे बेटाचे व्यापारी दिसत होते आणि इकडे पोती. त्यांनी डोळे मिटून आपापला वाटा टाकला.

कोठार भरत गेलं आणि लोक ओरडून पोती मोजू लागले. इकडे नाखव्याने केसरला हाक मारली. तिने एकदा शिडाकडे पाहिलं, एकदा कोठाराकडे, आणि गाठोडं खाली ठेवलं. फळी उचलली गेली. गलबत तिला न घेता निघून गेलं.

मग हरबाने हात पुढे केला. निरगाठ कापली गेली आणि त्याच मनगटावर सुरगाठीचा नवा दोरा आला. त्याच्यामागे त्याची माणसं एकेक करून आली, आणि त्यांच्यामागे मोकळ्या मनगटांची ती सगळी पोरं. हरबा दोरांच्या मांडवात गेला आणि काथ्याच्या लडीला त्याने कित्येक वर्षांनी दोन्ही हात लावले. डावा हात आधी लाकडासारखा ताठ होता. दुपारपर्यंत तो सैल झाला आणि संध्याकाळपर्यंत हरबा गाणं म्हणू लागला. गळा बेसूर होता, पण त्या दिवशी कुणी तक्रार केली नाही.

काय ते दिवस होते म्हणून सांगू! पहाटेपासून घणांचे आवाज, तापलेल्या डांबराचा वास, चिमण्यांसारखी डोलकाठीवर चढलेली पोरं. छत्री धरणारा माणूस शिडं उभारण्यात पटाईत निघाला. इतकी वर्षं त्याने तेच तर लहान प्रमाणात केलं होतं. वारे फिरायच्या आत अख्खा ताफा पाण्यात उतरला आणि खाडी शिडांनी पांढरी झाली. कर अर्धा झाला होता, पण भरणारे इतके वाढले की खजिन्यातल्या मांजराला दुसरं घर शोधावं लागलं.

गोष्ट इथेच संपवली असती तर सोपं होतं. पण खरी परीक्षा पुढेच होती.

ताफा गेला आणि काम ओसरलं. मालकाने दोरांच्या मांडवात येऊन सांगितलं, की दोघांपैकी एकालाच ठेवता येईल. त्याने केसरला ठेवलं आणि हरबाची गाठ सोडली. पोर जास्त भरभर वळते, म्हणाला. खरंच होतं ते. हरबाला अभिमानही वाटला आणि काळजात कळही उठली, दोन्ही एकाच वेळी. कोठाराकडे जाताना त्याला आपला बाप आठवत होता. आत पोती नसली तर?

पोती होती. एका बाईने त्याला पाट दिला, भात वाढला, वर आमटी वाढली आणि अजून हवं का म्हणून विचारलं. उपकार केल्यासारखं ती काही बोलली नाही. शेजारी बसलेला लोहार म्हणाला की तो इथे शिडं शिवायला शिकतोय. हरबाही शिकू लागला. दोर कळणाऱ्याला शीड कळायला वेळ लागत नाही.

आणि मग एके सकाळी कोठाराच्या दारात गलबतांचा एक मालक येऊन उभा राहिला. त्याला दोरही कळणारा आणि शिवणही येणारा माणूस हवा होता. तो बोलत असतानाच मागून दुसरा मालक धापा टाकत आला. ताफ्याची कीर्ती पसरली होती, नवी कामं येत होती, आणि आता दोरा बांधायला कुणी भीत नव्हतं, म्हणून माणसं मिळवायला मालकांचीच धावपळ चालली होती. दोघे हरबापुढे चढाओढीने बोलू लागले.

हरबाने पुढ्यातला घास शांतपणे संपवला. जन्मभर तो मालक हाकलेल या भीतीने जगला होता. आज त्याने पाण्याचा तांब्या तोंडाला लावला, मिशा पुसल्या आणि पहिल्यांदाच मालकांना म्हणाला, "थांबा जरा. विचार करून सांगतो."

तात्पर्य : गाठ सैल करणाऱ्याने आधी ताट वाढून ठेवावं, आणि ज्याचं ताट वाढलेलं आहे त्याने दुसऱ्याची वाट अडवू नये.