खिंडीतली रिकामी डोली

एका डोंगराच्या धारेवर दहा वाड्या होत्या आणि दहांना मिळून वैद्य एकच, तोही पार पायथ्याला. धारेच्या मधोमध एक खिंड होती. पाच वाड्या खिंडीच्या उगवतीला, पाच मावळतीला. वैद्यबुवांकडे उतरायची वाट मात्र खिंडीतूनच जायची. कुणी आजारी पडलं की त्याला डोलीत निजवायचं, चौघांनी खांद्यावर घ्यायचं आणि धावत सुटायचं, ही तिथली रीत.

डोल्या दोन होत्या. उगवतीच्या डोलीचा म्होरक्या खेमा, मावळतीच्या डोलीचा जानबा. वाडीत शिंग फुंकलं की त्या बाजूची डोली निघायची. आणि एक डोली आजाऱ्याला घेऊन उतरली की दुसरीने आपली बाजू सोडून खिंडीत येऊन बसायचं, असा वैद्यबुवांनी नेम घालून दिला होता. खिंडीत ना घर ना दार. एक सपाट खडक तेवढा. पण दोन्हीकडचं शिंग तिथे स्वच्छ ऐकू यायचं आणि दोन्ही टोकं तिथून सारखीच लांब होती.

लोकांना हे मुळीच रुचत नसे. धडधाकट चार माणसं रिकामी डोली घेऊन रानात बसतात, हे उगवतीच्या बोरवाडीतल्या म्हाताऱ्यांना शुद्ध खुळेपण वाटे. डोली आपल्या देवळापुढे दिसली की त्यांचा जीव निवांत. जणू तिच्याकडे नुसतं पाहूनच ताप उतरणार होता.

खेमाही बोरवाडीचाच. तीन वर्षांपूर्वी, हा नेम नव्हता तेव्हा, त्याच्या बायकोचं, येमूचं, पहिलं बाळंतपण अडलं होतं. उगवतीची डोली आजाऱ्याला घेऊन खाली गेली होती आणि मावळतीची पार दुसऱ्या टोकाला होती. ती येईपर्यंत बाळ गेलं. येमू कशीबशी वाचली. त्यानंतर खेमाने शेत भावाच्या हवाली केलं आणि डोलीचा दांडा स्वतःच्या खांद्यावर घेतला.

आता येमूचे दिवस पुन्हा भरले होते. मूल आडवं आहे, कळा सुरू झाल्या की वैद्यबुवांकडेच न्यावं लागेल, असं सुईणीने आधीच बजावलं होतं. खेमाला घास गोड लागत नव्हता.

अशातच एका सकाळी निरोप आला. मावळतीला हिरडा काढताना झाडावरून पडून एकाची मांडी मोडली होती आणि जानबाची डोली त्याला घेऊन निघाली होती. म्हणजे आता खेमाने खिंडीत जायला हवं. तो दारातच घुटमळला. येमू आतून म्हणाली, "जावा तुम्ही. मला अजून काय बी न्हाई."

तो गेला. खडकावर बसला. पण चित्त थाऱ्यावर कुठे? मावळतीला शिंग वाजलं तर आपण तिकडे धावणार, आणि इकडे येमूला कळा आल्या तर? हा एकच विचार त्याला कुरतडू लागला. शेवटी तो उठला आणि सोबत्यांना म्हणाला, "हितं लई ऊन लागतंय. जरा वळणापल्याडच्या जांभळीखाली बसू."

जांभूळ बोरवाडीच्या अर्ध्या वाटेवर होती. सोबत्यांना सगळं समजलं. पण त्याच्या तोंडाकडे पाहून त्यांनी डोली उचलली. जांभळीखाली बसल्यावर खेमाचा जीव जरा खाली पडला. तिथून त्याच्या घराचं कौल दिसत होतं.

किती वेळ गेला कोण जाणे. वारा जरा पडला आणि शिंगाचा अगदी बारीक आवाज कानावर आला. आवाज मावळतीचा होता. खेमा ताडकन उठला. डोली घेऊन चौघे धावत खिंडीत आले, तर तिथे तो आवाज कान फाडत होता. तसेच ते पुढे पळाले.

उंबरपाड्यात लिंबाजी नावाच्या माणसाच्या सहा वर्षांच्या लेकीला आग्या मोहोळाच्या माश्या चावल्या होत्या. पोर सुजून ओळखू येत नव्हती. तिला श्वास पुरत नव्हता. लिंबाजी अंगणात उभा होता आणि शिंग फुंकून फुंकून त्याच्या ओठांतून रक्त आलं होतं.

"कवाधरनं फुंकतोय," तो एवढंच बोलला.

खेमाला वर बघवेना. त्याने मुलीला उचलून डोलीत ठेवलं आणि चौघे असे पळाले की तसे ते कधीच पळाले नव्हते. लिंबाजीही मागोमाग धावला. उतारावर जानबाची रिकामी डोली वर येताना भेटली. दोन्ही डोल्या न थांबता आपापल्या वाटेने गेल्या.

वैद्यबुवांनी औषध दिलं, लेप लावला. पुष्कळ वेळाने पोरीचा श्वास सरळ झाला. तिने पाणी मागितलं. वैद्यबुवा कपाळ पुसत म्हणाले, "थोडक्यात वाचली. आणखी जरा उशीर झाला असता तर माझ्या हातात काही नव्हतं."

खेमा बाहेर आला आणि त्याच वेळी वरून शिंग ऐकू आलं. ते उगवतीचं, बोरवाडीचंच होतं. अख्खा चढ चढायचा, मग वाडीपर्यंत धावायचं, आणि येमूला घेऊन तेवढंच परत यायचं. तीन वर्षांपूर्वी असंच झालं होतं. तरी तो सोबत्यांना घेऊन रडत रडतच चढू लागला.

जवळजवळ माथा आला तेव्हा समोरून डोली उतरताना दिसली. पुढच्या दांड्याला जानबा होता. डोलीत येमू होती. ती कण्हत होती, पण शुद्धीवर होती.

"तू एवढ्यात कसा पोचलास?" खेमाने विचारलं.

"खिंडीत बसलो होतो," जानबा न थांबता म्हणाला.

जानबाचं घर खिंडीपासून हाकेच्या अंतरावर होतं. त्याची माणसं सकाळपासून उपाशी होती. घरी जाऊन दोन घास खाल्ले असते तर कुणी नाव ठेवलं नसतं. तरीही ते त्या उघड्या खडकावर बसून राहिले होते.

खेमा खांदा द्यायला पुढे झाला. जानबाने मान हलवली. "माझी माणसं न्हेतील. तू वर जा. दहाबी वाड्या उघड्या पडल्यात."

येमूने हात बाहेर काढला. खेमाने तो क्षणभर घट्ट धरला. मग सोडला आणि वर वळला. त्याच्या आयुष्यातली ती सगळ्यांत जड पावलं होती.

दुपारभर तो भर उन्हात खडकावर बसून राहिला. जांभळीकडे त्याने पाहिलंसुद्धा नाही. दोन्ही बाजूंना कान देऊन बसला होता आणि मनात येमूचं नाव घेत होता.

ऊन कलताना जानबा चढून आला. "मुलगी झाली. दोघी बऱ्या हायत," तो म्हणाला. "जा, बघून ये. मी बसतो हितं."

खेमाच्या डोळ्यांना धार लागली. तो गेला नाही. म्हणाला, "जानबा, सकाळी मी खिंडीत नव्हतो."

"ठाऊक हाय. लिंबाजीचं शिंग मी उतारावरनं ऐकत होतो. खांद्यावर माणूस होता, काय करणार?"

"मग मघाशी बोलला का न्हाईस?"

जानबा खडकावर टेकला. त्याने पाय लांब केले. "बायको डोलीत असताना बोलायचं व्हय?" तो म्हणाला. "जा आता. लेकीला बघ. आन लिंबाजी तिथंच बसलाय पोरीपाशी. आधी त्याच्याकडं जा."

खेमाने डोळे पुसले आणि तो उतरू लागला. खाली पोचल्यावर तो आधी लिंबाजीपाशी जाऊन बसला, आणि जे घडलं ते सगळं त्याला सांगितलं.

तात्पर्य: आपल्या माणसांच्या काळजीपोटीही नेमलेली जागा सोडू नये, तिथे आपण दुसऱ्याचं घर राखत असतो, आणि आपलं घर असंच कुणीतरी आपल्या जागी बसून राखत असतं.