पुतळाई सुईणीनं घेतलेला वसा

ऐक गे जळमाय, तुझी कहाणी. आटपाट बेट होतं. भोवती खारा समुद्र, मधे एकच गोड्या पाण्याची विहीर. पहिल्यानं तिथं पाच घरं होती. पाचांची पंचवीस झाली, पंचवीसांची शंभर झाली. रान तोडून शेतं केली, शेतं मोडून घरं बांधली. घरं वाढली, विहीर तेवढीच राहिली.

तिथं पुतळाई नावाची सुईण राहत होती. विधवा, एकटी. बेटावरचं प्रत्येक मूल पहिल्यानं तिच्या हातात रडलेलं. दर बाळंतपणाला तिला पायलीभर तांदूळ मिळत, त्यावर तिची चूल पेटे.

एके दिवशी आवडी नावाची सून बाळंत झाली. चौथी खेप. बाळाला न्हाऊ घालायला पाणी हवं. विहिरीत घागर सोडली, गढूळ पाणी आलं. पुन्हा सोडली, चिखल आला. तिसऱ्यांदा सोडली, रिकामी आली. पुतळाईनं बाळाला पदरानं पुसलं, विहिरीच्या काठी बसली, रडू लागली.

मग जळमाय म्हातारीच्या रूपानं वर आली. "बाई, का रडतेस?"

"या हातांनी इतकी माणसं जगात आणली. त्यांना प्यायला काय देऊ?"

"मी वसा सांगते, करशील?"

"करीन."

"दोन घागरी घ्याव्या, तिसरी विहिरीला ठेवावी. एक झाड तोडलं तर तीन लावावी, ती जगवावी. अंगावरचं पोर आपल्या पायांनी विहिरीपर्यंत येईल, तोवर दुसऱ्याची घाई करू नये. हे घरोघर सांगावं."

पुतळाई थबकली. "माय, बाळंतपणं कमी झाली तर मी काय खाऊ?"

जळमाय विहिरीत उतरली, दिसेनाशी झाली.

पुतळाई घरी आली. मडक्यात दोन मुठी तांदूळ होते. ते रांधले, खाल्ले, आणि सकाळी सांगायला निघाली.

बायका हसल्या. "अगं, तुझं पोट आमच्या पोटावर, आणि तूच असं सांगतेस?"

"म्हणून तर मी सांगते. माझ्या तोंडून तरी खरं वाटेल."

आवडीनं मांडीवरच्या बाळाकडे पाहिलं, वसा घेतला. मग शेजारणीनं घेतला, मग साऱ्या आळीनं घेतला.

मग पुतळाई बेटाच्या राणीकडे गेली. महालात कमळांचं तळं होतं, त्याला रोज त्याच विहिरीच्या शंभर घागरी लागत. राणी म्हणाली, "पोरं तुमची फार. माझी कमळं का सुकावी?"

"राणीबाई, आम्ही आमचं आवरलं. आता तुम्ही आवरा."

राणी रागावली. पुतळाई दारातून हलली नाही. एक दिवस गेला, दुसरा गेला, तिसऱ्या दिवशी उन्हानं भोवळ येऊन पडली. राणी धावली, तिच्या तोंडात पाणी घातलं. पुतळाईनं घोटभर घेतलं, म्हणाली, "पुरे. उरलेलं रोपांना घाला." राणीची मान खाली गेली. तिनं तळ्याची मोरी उघडली, पाणी रोपांना सोडलं, विहिरीच्या घागरी थांबवल्या.

मग वर्षं लोटली. रोपांची झाडं झाली, विहिरीला पाझर फुटले. पाळणे थोडे हलले, पण हललेला एकही पाळणा रिकामा झाला नाही. पुतळाईचे तांदूळ मात्र घटले. कधी एक वेळ जेवे, कधी तेही नाही. कुणाला बोलली नाही.

आवडीला कळलं. ती घरोघर फिरली. शंभर घरांतून मूठमूठ तांदूळ आले.

पुतळाई म्हणाली, "हे कशाचे? कुणाकडे बाळंतपण नाही."

आवडी म्हणाली, "जन्मले त्यांचे तांदूळ तू घेतलेस. हे जगले त्यांचे."

जळमाय, तू त्या बेटाला पुरलीस, तशी आम्हां ऐकणारींना पुर, आमच्या लेकीसुनांना पुर, अजून न आलेल्यांना पुर. मोठी कहाणी थोड्या बोलांत सांगितली, फळाला आली, पुरी झाली.