हैबतरावांचा नेम

"पण बुवा, चुकणार नाही अशी बंदूक कोणती, एवढंच सांगा."

हैबतराव शितोळे सकाळपासून हेच विचारत होते. संस्थानचा शिकारखाना त्यांच्याकडे होता, आणि गेल्या थंडीपासून त्यांच्या हातून एकही हरण पडलं नव्हतं. ते बंदुकीला बोल लावत. नाचता येईना अंगण वाकडं, म्हणून दरबारी मंडळी हसत. यंदा सरकारांसमोर चुकले, तर शिकारखाना गेलाच म्हणायचा.

म्हणून ते तळ्याकाठी खेमगीर गोसाव्यांच्या झोपडीशी आले होते. भगवी नेसण्याआधी गोसावी स्वतः नावाजलेले शिकारी. आता धुनीच्या धुरात त्यांचे डोळे सदा अर्धे मिटलेले असत. जागे आहेत की झोपेत, कळत नसे.

हैबतरावांनी घोंगडीवर दोन बंदुका मांडल्या. एक वडिलांची, गुळगुळीत नळीची दुनळी. दुसरी नवी, विलायती, नळीच्या पोटात पीळ पाडलेली. सोबत दोन तऱ्हेची काडतुसं, महागडी आणि साधी; प्रत्येकात छर्रे नव्हेत, शिशाची एकच जाड गोळी.

"यातली कोणती?"

"त्यांनाच विचार."

समोरच्या मोहाच्या खोडावर चुन्याचा ठिपका काढला. बंदूक वाळूच्या पिशवीवर टेकवून हैबतराव बार काढू लागले. नवी बंदूक महागड्या काडतुसांवर रुसलीच. गोळ्या भलतीकडे. साधी काडतुसं भरली, तर एकामागून एक गोळी ठिपक्यात. दुनळीला मात्र तीच महागडी गोड लागली.

"ज्या नळीला जो घास रुचेल तो," गोसावी हसले. "आपल्या आवडीनं भरवून काय उपयोग?"

हैबतरावांना गगन ठेंगणं झालं.

"म्हणजे काडतूसच चुकीचं होतं! गेल्या थंडीत चितळाच्या खांद्यावर नेम धरला होता, बुवा. लागलं मागच्या पायाला."

"मग?"

"झाडीत गेलं."

"अन् तू?"

हैबतराव काडतूस बोटांत फिरवत राहिले.

"अंधार पडत होता... घरी पाहुणे होते..."

"शिकाऱ्यांचा एक नेम असतो."

"ठाऊक आहे." त्यांचा आवाज खाली गेला. "जखमी जनावर रानात टाकून घरी जायचं नाही."



ऊन उतरलं. धुनीचा धूर हळूहळू पाण्यावर पसरला. तळं कुठे संपतं आणि आभाळ कुठे सुरू होतं, काही कळेना.

मग त्या धुरातून एक चितळ पाण्यावर आलं. मागचा डावा पाय ते टेकवत नव्हतं.

हैबतरावांनी ओळखलं.

नवी बंदूक, रुचलेलं काडतूस. नळी वर गेली, आणि थरथरू लागली.

चितळानं मान वर केली. त्यांच्याकडे पाहिलं... आणि घाई न करता, लंगडत, झाडीकडे वळलं.

नळी खाली आली.

"दर वेळी असंच होतं, बुवा. कुठलंही जनावर समोर आलं, तरी मला हेच दिसतं." हैबतरावांच्या डोळ्यांत पाणी होतं.

गोसावी उठले. बंदुका बाजूला सारून त्यांनी खालची घोंगडी झटकली आणि हैबतरावांच्या खांद्यावर टाकली.

हैबतराव घोंगडीकडे पाहत राहिले. मग झाडीकडे.

"अंधार पडतोय, बुवा."

"पडू दे."

हैबतराव उभे राहिले. चार पावलं गेले. सवयीनं मागे वळले.

"कोणती नेऊ?"

गोसाव्यांचे डोळे पुन्हा मिटत आले होते.

"बंदूक राहू दे," ते म्हणाले. "नेम धर."