आबा निम्म्यावर

खडकवाडीत गेनू नावाचा एक भोळा गडी राहायचा. कुणी "जरा थांब" म्हणालं, की हा दिवस मावळेपर्यंत तिथंच उभा.

गेनूला एकच दुःख होतं. शेजारचा सोनबा. गेनूची एक पट्टी नांगरून होईतो सोनबाचं अर्धं रान उलटलेलं असायचं. गेनू बांधावर बसून रडायचा आणि घरी येऊन उपाशी निजायचा.

शेवटी बायको, सारजा, म्हणाली, "अहो, सोनबाकडं बघूच नका. काल आपण होतो त्याच्या जरा पुढं गेलो, की झालं."

गेनूला पटलं. सकाळी त्यानं नांगर धरला. काल तो बांधापर्यंत आला होता, म्हणून आज बांधाच्या पुढं गेला. पुढं सोनबाची वांगी होती. सोनबा बोंबलत आडवा आला. गेनूनं डोळे गच्च मिटले. बघायचं नव्हतं ना! वांगी मातीत गेली.

सारजानं कपाळावर हात मारला. "अहो, जागेनं पुढं नव्हे! काल केलं त्याच्यापेक्षा आज जास्त करायचं."

"असं होय!" गेनू म्हणाला.

त्याच दुपारी सारजाचे वडील, आबा, पाहुणे आले. सारजा सोनबाची समजूत काढायला निघाली. जाताना म्हणाली, "चुलीवर आमटी आहे. मीठ टाका आणि आबांना वाढा."

काल गेनूनं चिमूटभर टाकलं होतं. आज मूठभर टाकलं. मग आणखी एक मूठ, कमी नको पडायला.

आबांनी भुरका मारला. डोळे पांढरे झाले. त्यांनी अख्खा माठ रिकामा केला, तरी घशातली आग विझेना. मग तडक मळ्यातल्या विहिरीकडं पळाले.

सारजा परत आली, आमटी चाखली आणि थुंकली. "अहो, एकदम नाही! थोडं थोडं करायचं. आज थोडं, उद्या थोडं. आणि आबा कुठं गेले? विहिरीवर? बघा जरा जाऊन."

गेनू गेला आणि बघत उभा राहिला. आबा पाय घसरून विहिरीत पडले होते. कडेचा दगड धरून गळ्यापर्यंत पाण्यात उभे होते.

"जावईबापू, बघताय काय? दोर टाका!"

गेनूनं दोर टाकला. आबांनी कमरेला बांधला. गेनू अंगानं रेड्यासारखा. आबा सरसर वर आले. कंबर पाण्याबाहेर आली, गुडघे आले, पाय आले. तेवढ्यात गेनू थांबला. त्यानं दोर काठावरच्या बाभळीला पक्का बांधला आणि घरी येऊन भाकरी मागितली. आज त्याला सपाटून भूक लागली होती.

"आबा कुठंयत?" सारजानं विचारलं.

"निम्म्यावर. बाकीचे उद्या."

सारजा किंचाळत मळ्याकडं पळाली. तिच्या आधी गेनू पोचला. आबा दोराला लटकून गरगर फिरत होते आणि वर बघून शिव्या देत होते. गेनूला त्यांची फार माया आली. तो काठावर ओणवा झाला.

"मामा, वर बघून जीव जाळू नका. खाली बघा. मघाशी कुठं होता, आणि आता कुठं आहात!"