मरळीचा पहारा

एका घराच्या परसात, केळीच्या बनाला लागून एक लहानसं तळं होतं आणि त्या तळ्यात एक मरळ राहत असे. मरळ म्हणजे सापासारख्या डोक्याची, लांबोडकी मासळी. दिसायला काही देखणी नाही हो, पण आई म्हणून विचाराल तर तिच्यासारखी तीच! त्या वर्षी तिला लालचुटूक पिल्लं झाली होती, अगदी नखाएवढी. सगळी मिळून फिरायला निघाली की पाण्यात कुणी कुंकू सांडलंय असं वाटायचं. आता मरळीच्या जातीची एक गोष्ट ध्यानात ठेवा, बाळांनो. इतर मासे पाण्यातच श्वास घेतात, पण मरळीला आणि तिच्या लेकरांना अधूनमधून वर येऊन हवेचा घोट घ्यावाच लागतो. पिल्लं वर गेली की आई खाली थांबून डोळ्यांत तेल घालून पहारा करायची.

तळ्याच्या काठावर बेडकांची जुनी वस्ती होती. दिवसभर दगडांवर बसायचे, डराव डराव गप्पा हाणायचे आणि जरा कुठे काही हललं की डुबुक डुबुक पाण्यात उड्या टाकायचे. मरळीला ते मुळीच खपत नसे. बेडूक म्हणजे एरवी तिचा घासच, त्यात आता लेकरांची काळजी! कुणी उडी मारली रे मारली की ती जबडा वासून धावून जायची. "माझी पिल्लं दचकतात! चालते व्हा इथून!" एकदा तर तिनं एका म्हाताऱ्या बेडकाच्या मागच्या पायाचा लचकाच तोडला.

म्हातारा लंगडत काठावर आला. "बाई, आम्ही कधी तुझ्या लेकरांच्या वाटेला गेलो का गं?"

"गेला नाहीत, पण जाल! नुसते डोळे वटारून बसलेले असता."

"अगं, आम्ही डोळे वटारून बसतो ते..." म्हातारा काहीतरी सांगणार होता, पण पायातून अशी कळ आली की त्याचं बोलणंच खुंटलं. "जाऊ दे. तुझं तळं तुला लखलाभ!" एवढंच बोलून तो आपला सगळा गोतावळा घेऊन निघाला आणि धुण्याच्या दगडाशेजारी जे डबकं होतं तिथे जाऊन राहिला.

मरळ काय, खूश! "हुश्श! आता कसं शांत शांत वाटतंय," असं म्हणत ती तळ्यातून ऐटीत फिरून आली. दगडाच्या फटीत एक खेकडा राहायचा. तो मोठा फटकळ. त्यानं डोळे वर काढून तिच्याकडे पाहिलं आणि पुन्हा फटीत शिरला. विचारल्याशिवाय सांगायचं नाही, हा त्याचा बाणा.

पुढे घरची माणसं लग्नाला परगावी गेली. परसात माणसांचा राबता असला की ढोकरीची हिंमत होत नसे, आता तिला रान मोकळं मिळालं. ही ढोकरी म्हणजे बगळ्याचीच बहीण, पण रंगानं मातकट. काठावर मान आखडून उभी राहिली की वाळकी पात पडली आहे की पक्षी उभा आहे, काही कळू नये! आणि चिकाटी तर अशी की विचारू नका. पिल्लं हवा घ्यायला वर आली, चोच आत गेली आणि बाहेर आली. आवाजसुद्धा झाला नाही. पिल्लं घाबरीघुबरी होऊन खाली आली, तेव्हा मरळीला त्यांचा घोळका विरळ दिसला. ती तळ्याचा कोपरा न् कोपरा धुंडाळून आली. "बाळांनो, कुठे आहात रे?" कमळाच्या देठांत शोधलं, शेवाळात शोधलं. मग वरून एक मातकट सावली हलली आणि तिच्या काळजात चर्र झालं. सगळं उमगलं तिला. त्या दिवशी ती खूप रडली. मासळीचं रडणं पाण्यात कुणाला दिसत नाही, पण म्हणून ते कमी नसतं.

दुसऱ्या दिवशी तिनं उरलेल्या पिल्लांना कमळाच्या पानांखाली कोंडून धरलं. "कुणीही वर जायचं नाही. खबरदार!"

पिल्लं शहाणी, आईचं ऐकणारी. बराच वेळ पानांखालीच थांबली. मग एकेकाचं तोंड उघडं पडायला लागलं. सगळ्यात धाकटं तर कुशीवर कलंडलं आणि म्हणालं, "आई, मला वर जाऊ दे ना गं. छातीत कसंतरी होतंय."

बिचारीनं काय करावं? वर धाडावं तर ढोकरी, खाली ठेवावं तर गुदमरणं! शेवटी तिनं स्वतःच पिल्लांना डोक्यानं वर ढकललं, डोळे मिटून घेतले आणि देवाचा धावा केला. पिल्लांनी हवा घेतली खरी, पण त्या खेपेलाही दोन पिल्लं परत आली नाहीत.

रात्री ती तशीच खेकड्याच्या दारात जाऊन पडली. "दादा, ही अवदसा आधी कुठे होती रे? आताच कशी आली माझ्या मुळावर?"

"आधी नव्हती असं कोण म्हणतं?" खेकडा म्हणाला. "माणसांची पाठ वळली की यायचीच की ती. पण बेडकांना ती काठावरून दिसायची. ते भिऊन डुबुक डुबुक पाण्यात उड्या मारायचे, त्या आवाजानं तुझी पिल्लं तळाशी पळायची आणि ढोकरी हात हलवत माघारी जायची. तुझा पहारा खालून, त्यांचा वरून. तूच त्यांना हाकलून दिलंस, बये!"

मरळ खजील झाली. पण लाज धरून बसायला तिला वेळ कुठे होता? पहाट होताच काठाशी येऊन तिनं हाक मारली, "बेडूकभाऊ, ओ बेडूकभाऊ! चुकले मी. परत या हो तळ्यावर."

म्हातारा लांबूनच म्हणाला, "येऊन काय करू, बाई? ढोकरी दिसली तर आता आम्ही केळीच्या आळ्यात पळतो. खाली तू जबडा वासून उभी असताना पाण्यात उडी मारायची कुणी? आणि आमच्या पाठीमागं आमचंच दुखणं कमी नाही." त्यानं मागच्या डबक्याकडे पाहिलं. "तुझ्या धाकानं आमच्या बायकांनी या डबक्यातच अंडी घातली. घरची माणसं गेली, धुणं बंद झालं, तसं पाणी आटलं. शेपटीवाली पिल्लं चिखलात वळवळताहेत. आज ऊन चढलं की संपलंच सगळं."

लेकरं गुदमरतात म्हणजे काय होतं, हे आता मरळीला कुणी सांगायला नको होतं. पहाटेचं दव अजून गवतावर होतं. बाळांनो, मरळ अंग घुसळत ओल्या जमिनीवरून सरपटू शकते, पण तिला त्याचा त्रास फार होतो. आणि तिकडे केळीवर झोपलेली ढोकरी कधीही जागी झाली असती. तरीही मरळ पाण्याबाहेर आली. खडे टोचले, खवले निघाले, पण ती थांबली नाही. डबकं आणि तळं यांच्यामधला मातीचा बांध तिनं डोक्यानं उकरला, अंगानं रेटला. तळ्याचं पाणी डबक्यापेक्षा जरा उंचावर होतं. बांध फुटला तशी पाण्याची धार डबक्यात शिरली, चिखल भिजला आणि डबकं भरून तळ्याला जोडलं गेलं. बेडकाची पिल्लं शेपट्या हलवत निघाली. त्यातलं एक वेंधळं पोर वाट चुकून थेट मरळीच्या उघड्या तोंडापाशी आलं.

सगळे बेडूक जागच्या जागी थिजले. मरळीच्या पोटात दोन दिवस अन्न नव्हतं. तिचा जबडा सवयीनं हललासुद्धा! मग तिनं तोंड घट्ट मिटलं, नाकाच्या टोकानं त्या पोराला हळूच पुढे ढकललं आणि म्हणाली, "जा राजा, आत माझी लेकरं आहेत. त्यांच्यात खेळ."

त्याच सकाळी बेडकांची वस्ती पुन्हा काठावर आली, पण भीत भीतच. ढोकरीही आली. पंख मिटले, मान आखडली, वाळक्या पातीसारखी होऊन उभी राहिली. पाण्यात लाल पिल्लं आणि काळी पिल्लं एकत्र वर निघाली होती. म्हाताऱ्या बेडकाला चोच दिसली. त्याच्या बरोब्बर खाली मरळ होती. त्यानं एकदा आपल्या लंगड्या पायाकडे पाहिलं, "होऊ दे काय व्हायचं ते!" असं म्हटलं आणि सरळ तिच्या डोक्यावर उडी टाकली. डुबुक! त्याच्यामागून सगळे, डुबुक, डुबुक, डुबुक! लाल-काळी पिल्लं सरसरत तळाशी गेली. ढोकरीची चोच पाण्यात बुडाली आणि रिकामीच वर आली. "काय मेला गोंधळ!" असं चरफडत तिनं मातकट अंगाशी लपलेले पांढरे पंख उघडले आणि ती दुसरं तळं शोधायला उडून गेली.

तळाशी मरळ आपल्या पिल्लांना उराशी घेऊन कितीतरी वेळ तशीच बसली होती. म्हातारा बेडूक पोहत तिच्याजवळ आला.

"अगं, तुला श्वास नको का घ्यायला? वर जा की."

"अजून भीती वाटते हो, भाऊ."

"जा तू. मी बघतोय ना वर."

आणि लेकरं झाल्यापासून पहिल्यांदाच मरळ वर न बघता, निवांतपणे पाण्यावर आली आणि तिनं पोटभर श्वास घेतला.

तात्पर्य : शेजाऱ्याला धाक दाखवून आपलं घर राखता येत नाही, ज्याला आपल्याजवळ यायला भीती वाटत नाही, तोच संकटात आपल्याला सावध करतो.